विजेचा दर कुठे लिहिलेला असतो?



मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांची चर्चा केली. एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या आधारावर, हा तेव्हाचा प्रश्न होता. नंतर काही श्रोत्यांनी कळवलं की हे सगळं घरातल्या एखाद्या साध्या गोष्टीला लावून दाखवा. म्हणून आज आपण विजेचं बिल घेऊ या. ज्यांच्याजवळ बिल असेल त्यांनी ते समोर ठेवावं. आज आमच्याकडे कमी आणि त्या कागदाकडे जास्त बघायचं आहे.

प्रश्न अगदी सोपा आहे: विजेचा दर किती?

हा प्रश्न दहा जणांना विचारला तर दहा उत्तरं येतात, आणि गंमत म्हणजे त्यांतली बरीचशी खोटी नसतात. आपण एक उदाहरण पूर्ण सोडवू. महावितरणचा घरगुती ग्राहक, सिंगल फेज, महापालिकेच्या हद्दीबाहेरचं घर, वर्ष 2024-25. वापर महिन्याला 180 युनिट.

त्या वर्षीच्या दरपत्रकात घरगुती वीज आकार असा होता: पहिल्या 100 युनिटांना 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 युनिटांना 10 रुपये 29 पैसे, 301 ते 500 ला 14 रुपये 55 पैसे, 500 च्या वर 16 रुपये 64 पैसे. शिवाय प्रत्येक युनिटावर वहन आकार 1 रुपया 17 पैसे. महिन्याचा स्थिर आकार 128 रुपये. आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क.

आता हिशेब. पहिले 100 युनिट, 471 रुपये. पुढचे 80 युनिट, 823 रुपये 20 पैसे. वहन आकार 210 रुपये 60 पैसे. स्थिर आकार 128. बेरीज 1,632 रुपये 80 पैसे. त्यावर 16 टक्के शुल्क 261 रुपये 25 पैसे. एकूण 1,894 रुपये 5 पैसे. इंधन समायोजन आकार इथे शून्य धरला आहे; त्याच्याकडे पुढे येऊ.

तर दर किती झाला? वीज आकाराची पहिली ओळ वाचणारा म्हणेल 4 रुपये 71 पैसे. वहन आकार मिळवणारा म्हणेल 5 रुपये 88 पैसे. एकूण रकमेला 180 ने भागणारा म्हणेल 10 रुपये 52 पैसे. आणि चौथा विचारेल, आम्ही आणखी एक युनिट जाळलं तर किती पडेल? त्याचं उत्तर 11 रुपये 46 पैसे आणि वर शुल्क, म्हणजे 13 रुपये 29 पैसे.

चारही उत्तरं बरोबर आहेत, कारण ते चार वेगळे प्रश्न आहेत. घरखर्चाचा अंदाज बांधायचा असेल तर सरासरी दर लागतो. जुना फ्रिज बदलावा का, छतावर सौर पॅनेल बसवावं का, हे ठरवायचं असेल तर शेवटच्या युनिटाचा दर लागतो, कारण वाचणार आहे ते वरचं युनिट. शेजारच्या राज्याशी तुलना करायची असेल तर दोन्हीकडचं बिल पूर्ण काढावं लागतं. नाहीतर एकीकडचा वीज आकार आणि दुसरीकडची एकूण रक्कम अशी तुलना होते, आणि तिच्यावर तावातावाने वाद चालतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नेहमी म्हणायचो की बरेच वाद उत्तरांचे नसतात, प्रश्न नीट न विचारल्याचे असतात. बिल हे त्याचं घरपोच येणारं उदाहरण आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. पुष्कळ लोकांना वाटतं की वापर 100 च्या वर एक युनिट जरी गेला, तरी सगळेच्या सगळे युनिट महागड्या दराने लागतात. तसं नाही. वरच्या उदाहरणात 180 युनिट वापरूनही पहिले 100 युनिट 4.71 नेच लागले. 100 युनिटांचं बिल 830 रुपये 56 पैसे होतं, 110 युनिटांचं 963 रुपये 50 पैसे. दहा युनिटांना 132 रुपये 94 पैसे वाढले. वाढ बोचणारी आहे, नाही असं नाही. पण ती त्या दहा युनिटांचीच आहे.

बिलावरची चार प्रमाणं

आता मागच्या वेळचा धागा पकडू. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बिलावर चारही हजर आहेत.

मीटरवरचा आकडा हे प्रत्यक्ष. मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांच्या तारखा बिलावर असतात. चालू रीडिंग मीटरशी जुळतं का, हे बघायला कुठल्याही तज्ज्ञाची गरज नाही.

मीटर बंद असेल किंवा घराला कुलूप असेल, तर सरासरीने बिल येतं. ते अनुमान. अनुमान चुकीचंच असतं असं नाही, पण त्याला हेतू लागतो, आणि प्रत्यक्ष मिळालं की त्याने बाजूला व्हायचं असतं. 2020 चा जून आठवा. टाळेबंदीमुळे मार्चपासून रीडिंग थांबलं होतं. मधल्या काळात सरासरीने बिलं आली आणि जूनमध्ये एकदम रीडिंग होऊन मोठे आकडे हातात पडले. त्यात 1 एप्रिल 2020 पासून दरही बदलले होते. लोक हादरले, आणि ते साहजिक होतं. पण त्या बिलात तपासण्याजोगा प्रश्न एकच होता: एकूण युनिट त्या त्या महिन्यांत विभागून मग स्लॅब लावले आहेत, की सगळे एका महिन्याचे धरून लावले आहेत? तीन महिन्यांच्या 300 युनिटांत दर महिन्याचे पहिले 100 स्वस्त मिळायला हवेत. हा प्रश्न ज्यांना माहीत होता, ते कागद घेऊन बोलू शकले. बाकीच्यांच्या हाती फक्त संताप राहिला.

उपमान म्हणजे शेजाऱ्याचं बिल. 'त्यांच्याकडे एसी आहे तरी त्यांना कमी येतं.' इथे सावध राहावं. मुंबईत तर एकाच शहरात वीज देणारे वेगवेगळे आहेत: शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. प्रत्येकाचं दरपत्रक वेगळं. एकाच कंपनीचे ग्राहक असलात तरी वर्गवारी, मंजूर भार आणि रीडिंगच्या तारखा सारख्या असल्याशिवाय तुलना टिकत नाही.

आणि चौथं, शब्द. दर हा मीटरमध्ये दिसत नाही, तो अनुमानाने काढता येत नाही. तो कुणीतरी सांगितलेला असतो. मग सांगणारा आप्त कोण? वीज कंपनी? वर्तमानपत्र? मोबाइलवर फिरत आलेला तक्ता?

आप्तवचन कुठे सापडतं

महाराष्ट्रात याचं उत्तर आहे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. 2003 च्या विद्युत कायद्यानुसार किरकोळ विक्रीचा दर कंपनी ठरवत नाही, मंत्रीही ठरवत नाहीत. आयोग ठरवतो, आणि लेखी आदेशाने ठरवतो. आदेशाला प्रकरण क्रमांक असतो, तारीख असते, तो आयोगाच्या संकेतस्थळावर ठेवलेला असतो. आदेश काही वर्षांसाठी असतो आणि त्यात प्रत्येक वर्षाचे दर वेगळे दिलेले असतात. दरपत्रक बहुधा अगदी शेवटी जोडलेलं असतं. तेव्हा आधी बिलावरचा दरसंकेत आणि वर्गवारी पाहावी, मग आदेशाच्या शेवटी जाऊन त्या वर्गवारीचं, त्या वर्षाचं पान उघडावं. बिलावरचा दर आणि तिथला दर जुळला पाहिजे. जास्त घेतला असेल तर जास्तीची रक्कम व्याजासह परत मिळण्याची तरतूद कायद्याच्या कलम 62 मध्येच आहे.

गोव्यातले श्रोते असतील त्यांच्यासाठी: तिथे वीज सरकारच्या वीज खात्याकडून येते, आणि दर ठरवतो गोवा व केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त विद्युत नियामक आयोग. पद्धत तीच.

एक आकार मात्र दरपत्रकात अगोदर लिहिलेला नसतो. इंधन समायोजन आकार. कोळशाचा किंवा बाहेरून घेतलेल्या विजेचा खर्च आदेशात धरलेल्या आकड्यापेक्षा वर-खाली झाला, की तो फरक या नावाने येतो. त्याचा हिशेब वेगळा प्रसिद्ध होतो. म्हणून 'दर वाढले' ही बातमी आली की पहिला प्रश्न हा: आदेशातला दर वाढला, की समायोजन वाढलं?

वर्तमानपत्राला आप्त का मानता येत नाही, याचं ताजं उदाहरण सांगतो. 28 मार्च 2025 रोजी आयोगाने पुढच्या पाच वर्षांचा आदेश काढला. 1 एप्रिलपासून दर कमी होणार, अशा बातम्या आल्या. बातम्या खऱ्या होत्या. पण महावितरणने फेरविचाराची भूमिका घेतली, एप्रिलच्या सुरुवातीलाच आदेशाला स्थगिती मिळाली आणि जुने दर चालू राहिले. मग 25 जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि 1 जुलैपासून वेगळे दर लागले. ज्याने मार्चमधलं कात्रण जपून ठेवलं, त्याच्याकडे कधीच लागू न झालेलं दरपत्रक होतं. शब्दप्रमाणात नुसता शब्द पुरत नाही. तो कोणाचा, कधीचा, आणि आज जिवंत आहे का, हेही बघावं लागतं.

दर ही वस्तुस्थिती नाही, तो निर्णय आहे

इथपर्यंत आपण 'किती' शोधत होतो. पण खरी गोष्ट पुढे आहे.

पाणी किती अंशाला उकळतं हे आपण शोधून काढतो. भाजी मंडईत काय भावाने गेली हेही शोधता येतं. विजेचा दर तसा कुठे आधीच पडलेला नसतो. कुणीतरी बसून ठरवतं की कंपनीचा कोणता खर्च वाजवी आणि कोणता नाही, आणि वाजवी खर्च कोणी किती उचलायचा. म्हणजे दर हा निर्णय आहे. आणि दुसऱ्याच्या खिशावर परिणाम करणारा निर्णय असेल, तर त्याची कारणं सांगणं हे त्याचं अर्धं अंग आहे. कांटने 1795 मध्ये शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक कसोटी सुचवली होती. तिचा आशय असा की दुसऱ्यांच्या हक्कांशी संबंधित ज्या कृतीचं तत्त्व उघड सांगता येत नाही, ती कृती अन्याय्य आहे. वीजदराला ही कसोटी लावून बघा, फार सोपी वाटेल आणि फार कडकही.

आपल्याकडे हे नेहमी असं नव्हतं. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, आणि पुढची कित्येक दशकं दर मंडळच ठरवत होतं. ग्राहकाला दर कळायचा, कारणं कळायची नाहीत. मग आलं एन्रॉन. दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर 1993 मध्ये झाला. त्या करारातल्या अटींचा भार शेवटी कोणावर पडणार, हे समजायला सामान्य माणसाला तो कागद सहजी बघायला मिळत नव्हता. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या गटांनी आकडेमोड करून तो भार लोकांपुढे मांडला, तेव्हा कुठे चर्चा घोषणांवरून हिशेबावर आली. 2001 मध्ये मंडळाने ती वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी या सगळ्याची चिकित्सा केली. दरम्यान 1999 मध्ये राज्याचा नियामक आयोग आला, 2003 चा कायदा आला, आणि 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या.

त्या कायद्याचं कलम 64 आवर्जून वाचण्यासारखं आहे. दराचा अर्ज आला की तो प्रसिद्ध करायचा, लोकांच्या सूचना आणि हरकती घ्यायच्या, त्या विचारात घ्यायच्या, आणि 120 दिवसांत निर्णय द्यायचा. अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यायची. हरकत घ्यायला वकील लागत नाही. ग्राहकांची बाजू मांडायला आयोग कुणालाही अधिकृत प्रतिनिधी नेमू शकतो; 'प्रयास', मुंबई ग्राहक पंचायत यांनी हे काम केलेलं आहे.

आदेशाची रचनाही तशीच असते. अमुक हरकत, त्यावर कंपनीचं उत्तर, त्यावर आयोगाचं मत. आपल्या परंपरेत याला पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त म्हणतात. आम्ही जन्मभर हे शिकवलं. कोळशाच्या आणि तारांच्या हिशेबात ते इतक्या शिस्तीत भेटेल असं वाटलं नव्हतं. एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. हे शेकडो पानांचे आदेश इंग्रजीत असतात. कारणं उघड सांगणं म्हणजे नुसतं फाइल चढवून ठेवणं नव्हे. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला ती वाचता आली पाहिजेत.

कोण कोणासाठी भरतो

कारणं वाचायला लागलं की ज्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त ऊर्जा खर्च होते, तो समोर येतो. एका युनिटाचा सरासरी खर्च काढला, तर उद्योग, व्यापारी आणि मोठा वापर असलेले घरगुती ग्राहक त्याहून जास्त देतात. लहान घरगुती ग्राहक आणि शेतीपंप कमी देतात. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. कायदा म्हणतो, ती हळूहळू कमी करत न्या. तोच कायदा असंही म्हणतो की ग्राहकाग्राहकांत भेद करायचा तर वापर, वेळ, दाब, ठिकाण, वापराचं प्रयोजन अशा सांगता येणाऱ्या आधारावर करा. कुणाला गैरवाजवी झुकतं माप देऊ नका.

समानांना समान वागवावं हे अॅरिस्टॉटलपासून आपण म्हणत आलो. पण समान कोण? दोन खोल्यांचं घर आणि बंगला समान आहेत का? कोरडवाहू भागातला पंप आणि मॉल समान आहेत का? याचं उत्तर मीटर देत नाही. ते आपण समाज म्हणून द्यायचं असतं.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. सवलत दोन वाटांनी येते. एक, दुसऱ्या ग्राहकाच्या बिलातून. दुसरी, राज्य सरकारच्या तिजोरीतून. तेव्हा कलम 65 प्रमाणे सरकारने ती रक्कम आगाऊ भरायची असते. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना राज्यात आहे, ती या दुसऱ्या वाटेची. योजनेच्या बाजूने असा की विरुद्ध, पण पैसा कोणत्या खिशातून जातो हे न विचारता मत बनवू नका. आणि आणखी एक. बऱ्याच शेतीपंपांना मीटर नाहीत. त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. तो अंदाज जितका मोठा, तितकी गळती आणि चोरी कागदावर लहान दिसते. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर लिहिलेली सगळी वीज शेतकऱ्याने वापरलेली असतेच असं नाही. म्हणून आम्ही म्हणतो, मीटर हे शेतकऱ्याविरुद्धचं शस्त्र नव्हे. त्याच्या बाजूचा तो साक्षीदारही होऊ शकतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*बिल चुकलंय असं वाटलं तर नेमकं काय करायचं?*

आधी आपण केला तसा हिशेब एका कागदावर लिहून काढा. मग वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. हा मंच कायद्यानेच प्रत्येक वितरण कंपनीला स्थापावा लागतो. त्याचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपाल. आपल्या राज्यात ते मुंबई आणि नागपूरला आहेत. दोन्हीकडे स्वतः उभं राहून बोलता येतं. मात्र दोन्हीकडे मुदती आहेत, तेव्हा घरात कुरकुर करत दिवस घालवू नका.

*दरच जास्त वाटत असेल तर? बिल बरोबर आहे, पण दर अन्यायाचा वाटतो.*

फार चांगला प्रश्न. हे दोन वेगळे आक्षेप आहेत आणि त्यांची दारंही वेगळी आहेत. दर चुकीचा लावला, हा मंचापुढचा विषय. दरच चुकीचा ठरवला, हा आयोगापुढचा विषय, आणि त्याची वेळ म्हणजे दराचा अर्ज प्रसिद्ध होतो तेव्हाची. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, तिच्यात हरकतीची शेवटची तारीख असते. आदेशानंतरही दिल्लीच्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण ते एकट्या ग्राहकाच्या आवाक्यातलं काम नाही.

*सर, एवढं सगळं एका माणसाने वाचून काय फरक पडतो? शेवटी बिल भरावंच लागतं.*

भरावं लागतंच, आणि मुदतीत भरावं. पण या प्रश्नाला थोडं वेगळं उत्तर देतो. तुमच्या सोसायटीत किंवा गावात वीस घरं असतील, तर वीस जणांनी आदेश वाचायची गरज नाही. एकाने शेवटची दहा पानं वाचावीत आणि बाकीच्यांना मराठीत सांगावीत. पुढच्या वेळी जाहीर सूचना आली की दुसऱ्याने दोन पानांची हरकत लिहावी: अमुक खर्च का धरला, अमुक वर्गवारीला इतका दर कोणत्या आधारावर. हरकत मान्य होईलच असं नाही. पण कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि आयोगाला मत नोंदवावं लागतं. आपण विचारलं नाही तर तो पूर्वपक्ष कोरा राहतो, आणि सिद्धान्त आपल्याशिवाय लिहिला जातो.

पुढच्या व्याख्यानात याच रीतीने पाणीपट्टी घेऊ. येताना आपापल्या नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं शेवटचं बिल शोधून ठेवा.